बाबा, रेडिओ ऐकून टेनेसी येत नाही

बाबा, तुम्हाला जाऊन आज नऊ दिवस झाले आणि या घरात तुमच्याबद्दल चांगलं बोलायची साथ आली आहे. साताऱ्याहून फोन, पुण्याहून फोन, इथल्या मराठी बायका डबे घेऊन दारात. प्रत्येकीच्या तोंडी तेच, सर किती विद्वान, किती प्रेमळ आणि मुख्य म्हणजे किती निगर्वी. निगर्वी! माझ्या हातात चहाचा ट्रे होता म्हणून, नाहीतर मी तिथेच हसले असते. मी पंधरा वर्षं मोटारींच्या धंद्यात काढली आहेत, गर्विष्ठ पुरुषांची मला कधी वाण पडलेली नाही. पण तुमच्या पासंगालाही पुरेल असा एक भेटला नाही.

सुनेने सासऱ्याबद्दल असं लिहू नये हे मला कळतं. पण श्रद्धांजलीच्या लेखांना सगळ्यात जास्त नाकं तुम्हीच मुरडलीत. "गेलेला माणूस खोडून काढायला येत नाही ना, म्हणून लोक सुटतात," असं पेपरची घडी करत म्हणायचात. तर मी लोकांसाठी लिहीतच नाही, तुम्हालाच लिहिते. खोडायचं तर खोडा.

सुरुवात तुमच्या साताऱ्याच्या हॉलमध्ये झाली. निखिलने लग्नाचं ठरवून मला पहिल्यांदा घरी आणलं, तेव्हा चहा यायच्या आत तुम्ही माझ्या हातात इंग्रजी पेपर दिलात आणि अग्रलेख मोठ्याने वाचायला लावलात. मी बार्शीची, मराठी शाळेतली, वडिलांचं टायर रिमोल्ड करायचं दुकान. मेकॅनिकलला पहिल्या वर्गात पास झाले होते, पण ते कोणी विचारलं नाही. दोन परिच्छेद ऐकून तुम्ही डोळे मिटलेत आणि आईंना म्हणालात, "ठीक आहे. दुरुस्त करता येईल." छत्तीस वर्षं कॉलेजात इंग्रजी शिकवलेल्या माणसाचा तो निकाल होता. आईंनी घाईघाईने माझ्या बशीत दुसरा लाडू ठेवला. मी त्या दिवसापासून तुमच्यावर खार खाऊन आहे.

मग आम्ही अमेरिकेत गेलो, टेनेसीला. मला मोटारीचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात क्वालिटीचं काम मिळालं आणि पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं, की माझं बोलणं लाइनवर कोणाला कळत नाही आणि त्यांचं मला. वांडा नावाची शिफ्टची मुख्य होती, साठीला आलेली, जाड भिंगांच्या चष्म्याची. तिने मला दुपारच्या जेवणाला आपल्या टेबलावर बसवून घेतलं. स्वर कसा ओढायचा, शब्दाचं शेपूट कसं गिळायचं, राग आला तरी घाई कशी करायची नाही, सगळं तिने शिकवलं. वर्षभरात मी तिच्यासारखी बोलायला लागले आणि मी पार्ट बाद केला की लोक वाद घालायचे थांबले. मला त्या बोलण्याचा अभिमान होता. साताऱ्याला फोन केला आणि चुकून तसं एखादं वाक्य तोंडातून निघालं की तुम्ही म्हणायचात, "वृंदा, ते इंग्रजी एकदा वडिलांच्या दुकानात टाकून आण. ठिगळ लावून मिळेल."

हे मी विसरले नाही. चूक लक्षात ठेवायचा मला पगार मिळतो.

पुढे निखिलला नेकारसुल्मच्या मोटार कारखान्यात नोकरी लागली आणि आम्ही जर्मनीत आलो. आई गेल्या. निखिलने आउसलेंडरबेहोर्डच्या, म्हणजे परदेशी लोकांच्या कचेरीच्या, खेपा घालून, कागदांची चळत जमवून तुम्हाला इकडे आणलं. पहिला महिनाभर तुम्ही खिडकीत बसून जर्मनांचा तिरस्कार केलात. त्यांचा पाव म्हणजे दगड, त्यांची भाषा म्हणजे घसा खाकरणं, त्यांचं इंग्रजी दयनीय. शेवटी निखिल म्हणाला, "बाबा, आल्झो, म्हणजे, तुम्ही आता जरा बाहेर पडा." हाइलब्रॉनमध्ये इंग्रजी नाटकं करणारा एक हौशी ग्रुप आहे, तो त्यानेच शोधून काढला.

ग्रुपची म्होरकी गिझेला, शाळेतून निवृत्त झालेली इंग्रजीची बाई. तिने स्वतःच एक नाटक लिहिलं होतं. टेनेसीच्या डोंगरातलं एक खोरं धरणाखाली जाणार असतं, सगळं गाव उठतं आणि एक म्हातारा घर सोडायला तयार होत नाही. म्हातारा तुमच्या वाट्याला आला, कारण बाकी सगळे नोकरीवाले होते आणि त्या भूमिकेचं पाठांतर अफाट होतं. कधी टेनेसी न पाहिलेल्या जर्मन बाईने घरबसल्या लिहिलेलं टेनेसी, आणि ते करणार साताऱ्याचा प्रोफेसर! त्यात गिझेलाची अट अशी, की उच्चार मात्र अस्सल तिथले हवेत.

पहिला आठवडा तुम्ही खरंच रेडिओ ऐकलात. लॅपटॉपवर तिकडच्या कुठल्यातरी लहान गावाचं स्टेशन लावून हवामान, चर्चच्या सूचना आणि हरवलेल्या कुत्र्यांची वर्णनं. मग आरशासमोर उभं राहून बोलायला लागलात. बाबा, तो प्रकार भयंकर होता. तुमची आठ वर्षांची नात दाराआडून ऐकून माझ्याकडे आली आणि म्हणाली, "मामा, इस्ट आजोबा क्रांक?" आई, आजोबा आजारी आहेत का, असं रेवाने खऱ्या काळजीने विचारलं होतं.

पुढच्या शनिवारी सकाळी मी बाजारातून आणलेल्या शेंगा मोडत बसले होते. तुम्ही समोर येऊन बसलात, एक शेंग उचललीत, न्याहाळलीत.

"वृंदा, ते तुझं... त्या कारखान्यातल्या लोकांचं बोलणं. ते मला हवंय."

"कशाला?"

"कलेसाठी."

"ठिगळवालं इंग्रजी? कलेसाठी?"

"उपरोध पुरे. शिकवणार आहेस का नाही?"

त्या एका प्रश्नासाठी मी बारा वर्षं थांबले होते, हे कबूल करते. शिकवते म्हटलं, पण माझ्या पद्धतीने.

माझी पद्धत कारखान्याची. तुमचे सगळे संवाद मी एका वहीत देवनागरीत उतरवले, कारण ओढलेला स्वर आणि गिळलेलं अक्षर दाखवायला इंग्रजी लिपी कुचकामी आहे. "आऽ एऽन्ट गोइन् नोवेऽर." म्हणजे, मी कुठेही जाणार नाही. प्रत्येक वाक्यापुढे स्टिकर लावायचा, बरोबर आलं तर हिरवा, बाद झालं तर लाल. इंग्रजीच्या प्रोफेसराला इंग्रजी देवनागरीतून वाचायची वेळ यावी, याहून मोठी नामुष्की तुमच्या आयुष्यात झाली नसावी. ती वही तुम्ही जाडजूड शब्दकोशात लपवायचात आणि निखिलचे मित्र आले की शब्दकोश चाळतोय असं दाखवायचात. ते बघून मला फार गार वाटायचं.

सहा महिने, दर शनिवारी सकाळी, हे चाललं. तुम्ही वाक्य म्हणायचं, मी लाल स्टिकर लावायचा. तुम्ही चिडायचात, वही ढकलायचात, दहा मिनिटांनी पुन्हा ओढून घ्यायचात. एकदा तुम्ही विचारलंत, "हिरवा कधी मिळणार?"

"पार्ट ड्रॉइंगप्रमाणे आला की."

"मी पार्ट नाही."

"मी तरी कुठे होते? दुरुस्त करता येईल म्हणालात ना माझ्याबद्दल."

तुम्ही चष्मा काढून पुसायला लागलात. तुम्हाला ते आठवत होतं, बाबा. मला तोवर वाटत होतं की आठवत नसेल. आठवत असून बारा वर्षं चूप बसलात, याचा मला जास्त राग आला.

एका रविवारी राहवेना म्हणून तुम्ही गॅलरीत उभे राहून धरणाच्या साहेबाला शिव्या घालायचा प्रवेश पुराच्या पुरा केलात. बुधवारी हाउसफेरवाल्टुंगचं, म्हणजे इमारतीच्या व्यवस्थापनाचं, पत्र आलं, रविवारी शांतता पाळावी, तुमच्या घरात मोठ्याने भांडण चालतं अशी शेजाऱ्यांची तक्रार आहे. भांडण हा शब्द ऐकून तुम्ही खूश. "म्हणजे अभिनय पोचतोय." मी म्हटलं, आवाज पोचतोय, उच्चार अजून पोचायचेत. आणि ओरडताय कशाला एवढे, तो म्हातारा ओरडणारा नाही. तेव्हा तुम्ही गॅलरीच्या कठड्याकडे बघत म्हणालात, "माझ्या आईचं माहेर कोयनेच्या पाण्याखाली आहे. ती कधी ओरडली नाही, तिच्या वाटचं ओरडतो." हे तुम्ही एकदाच सांगितलंत. मी त्या प्रवेशाला त्या दिवशीही लालच लावला. आज स्वतःची लाज वाटते म्हणावं, तर ती तेव्हाही वाटली होती.

आता जे लिहिते ते लिहायला मला आवडत नाही. त्या शनिवारांची मी वाट बघायचे. ऑफिसात माझं जर्मन ऐकलं की लोक माझ्या मदतीला धावल्यासारखे इंग्रजीत सुरू होतात. निखिल घरी येतो तो कानात हेडफोन घालूनच, काही विचारलं तर "जा जा, गेनाऊ" म्हणतो, हो हो, बरोबर. रेवाला मी मराठीत विचारते, ती जर्मनमध्ये उत्तर देते. तुम्ही मात्र विचारायचात, "ही तुझी वांडा राग आल्यावर हळू का होते?" आणि मी सांगत सुटायचे. वांडाच्या पांगळ्या नवऱ्याचं, तिच्या डब्यातल्या मक्याच्या पावाचं, मी पहिल्यांदा लाइन थांबवली आणि वीस जण माझ्या अंगावर आले तेव्हा ती शेजारी येऊन नुसती उभी राहिली त्याचं. तुम्ही मान खाली घालून शेंगा मोडत असायचात. मला वाटायचं, म्हातारा ऐकतसुद्धा नाही. मधूनच "हं" म्हणायचात, तेही उपकार केल्यासारखं.

प्रयोग रविवारी दुपारी होता. आदल्या दिवशीच्या स्थानिक पेपरात तुमचा फोटो आला, हॅट घातलेला. रेवा कौतुकाने मोठ्याने वाचत होती, ती मध्येच थांबली आणि माझ्याकडे बघायला लागली. "दा श्टेट, आजोबा हाट दास फॉम राडिओ." टेनेसीचे उच्चार तुम्ही रेडिओ ऐकून आत्मसात केलेत, असं त्यात छापलं होतं. आयुष्यभर तयार झालेल्या कानाला शिक्षक लागत नाही, हेही तुमच्याच तोंडचं.

मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही पावाला लोणी लावत होतात.

"पत्रकार," तुम्ही म्हणालात, "नेहमीच अर्धवट लिहितात."

"तुम्ही माझं नाव सांगितलंत का?"

"तसा प्रसंग नव्हता."

"सहा महिने, बाबा."

"वृंदा, कलावंताने सगळं सांगत बसायचं नसतं."

त्यावर माझ्याकडे पुष्कळ उत्तरं होती, अजून आहेत. तेव्हा मी फक्त बशा उचलल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही कोट घालून, बूट चढवून दारात उभे होतात. निखिल आणि रेवा खाली गाडीत बसले होते. मी सोफ्यावर, घरातल्या कपड्यांत.

"तू येत नाहीस?"

"रेडिओला घेऊन जा."

तुमचा हात दाराच्या मुठीवर होता. मला वाटलं, आता काहीतरी बोलाल, निदान रागवाल. "बरं," म्हणालात आणि जिना उतरलात. माझं ते वाक्य मला तेव्हा फार झणझणीत वाटलं होतं. ते मी मनातल्या मनात दोनदा म्हणूनही पाहिलं.

संध्याकाळी परत आलात ते चेहऱ्यावर रंग तसाच. स्वयंपाकघरात येऊन खुर्चीवर बसलात आणि बसूनच राहिलात. कसं झालं, असं मी विचारावं म्हणून बसला होतात, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. मी म्हटलं, "रंग नीट धुवा, टॉवेलला लागेल." त्यानंतर अकरा दिवस आपण फक्त चहा आणि गोळ्या या विषयांवर बोललो. बाराव्या दिवशी सकाळी तुम्ही आंघोळ करून आलात, पलंगावर बसलात, निखिलला हाक मारलीत आणि गेलात. मला नाही मारलीत हाक. बोलायचं तेवढं शिल्लक ठेवून उठून जाणं ही तुमची जुनी खोड होती, आणि मी तीच तुमच्याकडून उचलली होती. गिझेलाने पुढचे प्रयोग रद्द केले. इथे माणूस गेला की लगेच अंत्यसंस्कार होत नाहीत, कागद फिरतात, तुमचा अजून नंबर लागायचा आहे. रांगेत उभं राहणं तुम्हाला आयुष्यात मानवलं नाही, आता राहा.

काल दुपारी डेल भेटायला आला. तो तरुणपणी अमेरिकन लष्करातून हाइलब्रॉनला आला आणि इथलीच मुलगी करून राहिला. मूळचा टेनेसीचा, तोही डोंगराळ भागातला. तुमच्या प्रयोगाला तो तिसऱ्या रांगेत होता, असं गिझेलाकडून कळलं होतं. इतक्या दिवसांत ज्या एका पाहुण्याची मला उत्सुकता होती तो हा. निकाल द्यायचा अधिकार असलेला माणूस.

निखिलने त्याला विचारलं, बाबांचं काम कसं वाटलं. डेलने बशीतला कप फिरवला. तो इंग्रजीत बोलला, मी मराठीत लिहिते. "खरं सांगू? म्हातारा जबरदस्त होता. माझ्या शेजारची बाई रडत होती. पण ते टेनेसी नव्हतं. आमच्याकडे तसं कोणी बोलत नाही. कुठेच कोणी तसं बोलत नसेल."

मला काय वाटलं ते सांगते. आनंद झाला. तुम्ही गेल्याच्या आठव्या दिवशी, तुम्ही नापास झालात म्हणून मला आनंद झाला. मी बिस्किटांची बशी घेऊन पुढे आले आणि त्याला विचारलं, "मग काय होतं ते?" माझ्या नेहमीच्या इंग्रजीत विचारलं. ते वांडाचं इंग्रजी आहे, अशी माझी समजूत होती.

डेलने कप खाली ठेवला आणि माझ्याकडे टक लावून पाहिलं.

"हे," तो म्हणाला. "बाई, हेच. आत्ता तुम्ही बोललात ना, तेच."

निखिलने प्रयोग मोबाइलवर घेतलेला होता. मी तो बघितला नव्हता, बघणार नाही असं सांगूनही टाकलं होतं. आज सकाळी घरात कोणी नसताना बघितला.

स्टेजवर तुम्ही. धरणाचा साहेब झालेला जर्मन तरुण घर सोडा म्हणतो. तुम्ही लगेच उत्तर देत नाही. आधी हनुवटी वर, मग जिभेने "च्", मग चष्म्यावरून त्याच्याकडे पाहणं. हे मी करते. पार्ट बाद करण्याआधी मी असं करते, हे निखिलने एकदा सांगितलं तेव्हा मी त्याच्याशी भांडले होते. मग तुम्ही बोलायला लागलात आणि वाक्याच्या मध्येच, जिथे थांबायचं काही कारण नाही तिथे, अर्धा श्वास थांबलात. तिथे मी थांबते, बाबा. पुढचा इंग्रजी शब्द हाताशी येईपर्यंत मी तिथे थांबते, इतकी वर्षं थांबते आहे, आणि ते कोणाला कळत नाही असं मी समजत होते. तुम्ही ते ऐकलं होतंत. त्यातली भीतीसुद्धा ऐकली होतीत. तुमचा म्हातारा परक्या साहेबासमोर त्याच जागी घाबरतो आणि घाबरला हे दिसू नये म्हणून आवाज खाली आणतो, अगदी माझ्यासारखा. आणि शेवटचा शब्द त्याने टाकला तो चक्क बार्शीच्या उच्चारात, तोंडभरून.

टेनेसी तुम्हाला शेवटपर्यंत आलं नाही. मान खाली घालून, शेंगा मोडत, "हं" म्हणत, तुम्ही मला उचललंत.

तरीही पेपरात रेडिओच. ते मी माफ केलेलं नाही आणि करणार नाही. चोरी करून वर ऐट मिरवायची, हे तुमच्या स्वभावाला धरूनच झालं. उद्या पुन्हा बायका येतील, पुन्हा चहा होईल, मी त्यांना यातलं काही सांगणार नाही. निखिललाही नाही, त्याला ते लागेल. माझं बोलणं बार्शीपासून इथपर्यंत लोकांनी दुरुस्त केलं, चालवून घेतलं, त्याला हसले. ते जिवाचा कान करून आयुष्यात एकाच माणसाने ऐकलं. तो मला बरोबर न्यायला बूट घालून दारात उभा होता आणि मी सोफ्यावरून उठले नाही.